सराई, उतारखेडे

टेपचं एक टोक मुनाफनं धरलं, एक मी.
पूर्व-पश्चिम एकशे बारा फूट.
भिंत जाडीला पावणेतीन.
ओवऱ्या बावीस, पैकी उभ्या नऊ.
'बांधकामाचा प्रकार' या रकान्यात लिहिलं: वीट, चुना.
मुनाफ म्हणाला, मेथीपण लिहा साहेब,
चुन्यात मेथीचं पाणी आहे, आजोबा सांगायचे.
रकान्यात तेवढी जागा नव्हती.

बऱ्हाणपूरचा माल सुरतेला जाताना
इथे तापी उतरायचा.
नीळ, कापूस, आणि एकदा म्हणे
कुण्या सुभेदाराच्या बायकोचा पिंजऱ्यातला मोर.
तो रात्रभर ओरडला
आणि चाळीस बैल दावी तोडून केळींत घुसले.
खरं का, असं मुनाफला विचारू नये.
त्याला बैल धरणाऱ्यांची नावंसुद्धा पाठ आहेत.

सराई चालवायची भठियारीण, जैतूनबी.
तिच्या आधी तिची सासू,
तिच्या आधी कुणी एक, जिचा फक्त तवा उरलाय,
हायवेला, मुनाफच्या ढाब्यावर, अजून रोज तापतो.
खाट एक पैसा, बैल अर्धा.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, कळण्याची भाकर,
तेल वरून मागितलं तर हिशेब वेगळा.
तिच्या हातचं न चालणाऱ्यांसाठी
पलीकडच्या ओवरीत तीन चुली.
त्यांच्या खुणा मी मोजल्या, तीनच आहेत.
वर आढ्याला काजळी मात्र
कुठून कुठपर्यंत कोणाची, ते मोजता येईना.

तिचा एक नियम होता.
तापी फुगली की नावा बंद,
कधी चार दिवस, कधी अकरा.
त्या दिवसांचं भाडं नाही.
गाडीवान कनवटीला हात घालायचे, ती म्हणायची,
'नदीनी आडायं तुमले, मी कसाना पैसा लेऊ?'
पुनाजी नावाडी चिडायचा यावर:
सगळ्यांना अडवते नदी, उपाशी मी एकटा.
मग त्यालाही भाकर.
थापताना शिव्या, पण भाकर.

पुढे रेल्वे गेली, भलतीकडून.
सराई कुणी बंद केली नाही.
एका दिवाळीत सात खाटा,
पुढच्या दिवाळीत दोन.
खुंटे लोकांनी उपटून घरी नेले.
कापसाचं गोदाम झालं.
प्लेगात गाव रिकामं झालं ते इथेच येऊन निजलं,
भाडं दिलं की नाही, नोंद नाही.
चौथीपर्यंत शाळा भरली काही वर्षं.
भिंतीवर तेराचा पाढा आहे,
तेरा सत्ते एक्क्याण्णवपर्यंत.
पुढचा चुन्यासकट पडला.

आता खाली बॅरेज उठलंय.
निळ्या रेषेच्या आत जे येतं ते मोजायचं, एवढं माझं काम.
'मालकाचे नाव.'
जुन्या उताऱ्यावर इनाम आहे,
कुणाला, ते वाळवीनं खाल्लं.
मी म्हटलं, मुनाफभाई, तुमच्या घराण्याचं काही लावून बघू?
चार पैसे सुटतील.
तो हसला.
'मालक कुठले? आम्ही चुलीपाशी होतो.'

टेप गुंडाळत होतो तेव्हा त्यानं विचारलं,
पाणी कधी येणार?
येत्या पावसाळ्यात. दरवाजे टाकले की.
किती दिवस राहील?
राहीलच, म्हटलं, आता तिला पुढे जायला नाही.
तो नदीकडे बघत राहिला, बराच वेळ.
हायवेवर ट्रकनं हॉर्न दिला,
पोरगा एकटाच होता गल्ल्यावर.
'अडली म्हणजे,' मुनाफ म्हणाला,
'मग तिच्याकडून कसले पैसे.'

आणि दरवाजातून बाहेर पडताना वाकला.
त्या दरवाजाची उंची मी आधीच लिहिली होती:
सोळा फूट, चार इंच.